सोनोग्राफी सेंटर: डॉक्टरांना पाच तारे, नंबर लावणाऱ्यांना दोन

ओटीपोटात उजवीकडे तीन आठवडे मंद दुखत होतं, म्हणून सोनोग्राफी करायला सांगितली. फोनवर सूचना मिळाली: लिटरभर पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका. तशी गेले, आणि नंबर लागायला सव्वा तास! माझ्यासारख्याच चार-पाच जणी खुर्चीत ताठ बसलेल्या, कुणी कुणाशी बोलत नाही. वेळ पाळता येत नसेल तर पाणी कधी प्यायचं ते तरी नीट सांगा.

आत गेल्यावर राग निवळला. डॉक्टरबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. काळं, गोल, गुळगुळीत कडेचं काहीतरी दिसत होतं. "ही अंडाशयातली गाठ. ४.२ सेंटिमीटर. आत नुसतं पाणी आहे, पडदे नाहीत, घट्ट भाग नाही." दर महिन्याला अंडं ज्या पिशवीत पिकतं, ती साधारण दोन-अडीच सेंटिमीटरची झाली की फुटते. माझी बहुधा फुटलीच नाही, पाणी भरत राहिलं. पाळी चालू असलेल्या वयात अशा साध्या गाठी बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात, म्हणाल्या. पाळी कायमची गेल्यावर सापडली तर मात्र नीट तपासून घ्यावी लागते.

"म्हणजे मला पीसीओएस आहे का?" या प्रश्नाला त्या हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, शब्दशः 'अनेक गाठींच्या अंडाशयाचा विकार'. पण त्यात अशा गाठी नसतातच. २ ते ९ मिलिमीटरच्या, वाढ अर्धवट थांबलेल्या पुष्कळ पिशव्या असतात. नावच फसवं.

सर्वांत कामाचं त्यांनी उठता उठता सांगितलं. अचानक असह्य कळ आली, सोबत उलट्या झाल्या, तर थांबायचं नाही, तडक इस्पितळ गाठायचं. गाठीमुळे अंडाशयाला पीळ बसू शकतो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. छापील रिपोर्टात यातलं एक अक्षर नाही. माप, बाजू, खाली सही. घरी नुसता तो कागद वाचला असता तर रात्रभर झोप लागली नसती.

आठ आठवड्यांनी, पाळी संपल्यावर पुन्हा गेले. या वेळी योनिमार्गातून तपासणी होती, त्यामुळे पाणी नाही, उलट लघवी करून यायचं. आधी माझी परवानगी विचारली, मदतनीस बाई शेजारी होत्या. गाठ जिरलेली. दुखणं मात्र अजून अधूनमधून आहे, म्हणजे त्याचं कारण वेगळंच असणार. ते शोधणं चालू आहे.

जाणार असाल तर सकाळचा पहिला नंबर मागा.