बागेचा हिशेब मोबाइलवर, दोन हंगामांनंतर
देवगडजवळ माझी 140 हापूस कलमं. फवारणीची नोंद आधी कॅलेंडरच्या पाठीवर असायची, पालवीची आणि मोहोराची सगळी एकात एक. आता ॲपमध्ये तारीख, औषध, मजुरी, पंपाचं पेट्रोल भरतो. त्यातून पहिल्यांदाच कळलं, कातळावरची 30 कलमं दरवर्षी खिशातलेच पैसे खातायत. (ती वडिलांनी लावलेली, त्यांना अजून सांगितलेलं नाही.) ॲपचा सल्ला मात्र बेभरवशाचा. ढगाळ हवा, मोहोरावर तुडतुडे (रस शोषणारी कीड), आणि ॲप म्हणतं 'फवारणीची गरज नाही'! मी आपला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकानेच गेलो. पेटीचा हिशेब डझनात घेत नाही, किलोच मागतो. रेंज नसताना नोंद होते, हे बरं. पाचपैकी साडेतीन.