विंडोज १० सोडल्यानंतर : लिनक्स मिंट, लिब्रेऑफिस आणि मायक्रोसॉफ्टची खरी पकड

निकाल आधीच सांगून टाकतो. विंडोज सुटतं, एक्सेल चिकटून राहतं, आणि समोरच्याने पाठवलेली डॉकएक्स फाइल काही पाठ सोडत नाही. पत्रव्यवहार, बिलं, जीएसटी आणि बरंचसं मराठी टायपिंग असं काम असलेल्या लहान ऑफिसात लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी बसणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) आणि लिब्रेऑफिस (एमएस ऑफिसऐवजी चालणारा मोफत संच) काही महिने रोज वापरल्यावरचं हे मत आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षा-चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं धडधाकट यंत्र एका दिवसात बाद ठरलं. घरगुती ग्राहकाला मुदतवाढ मिळते ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी ३० डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड्स पॉइंट द्या, नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवा. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर बॅकअपची अट काढून टाकली. संस्थांचा दर वेगळा आहे: यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात. एवढ्या पैशात साधं नवं यंत्र येतं आणि त्यावर विंडोज ११ आधीच भरलेलं असतं. हिशेब कोणाच्या सोयीचा आहे ते उघड आहे.

मिंट बसवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर मिंट चढवणारा रुफस हा प्रोग्राम आणि तासाभराचा वेळ पुरतो. फसगत होते ती त्याआधी. विंडोजमध्ये वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या कित्येक फाइल्स डिस्कवर नसतातच, नुसती नावं दिसतात. मिंटच्या पेनड्राइव्हवरून यंत्र चालू केलं की त्या उघडत नाहीत. म्हणून विंडोजमध्ये असतानाच वनड्राइव्हच्या फोल्डरवर राइट क्लिक करून सगळ्या फाइल्स कायम यंत्रावर ठेवण्याचा पर्याय निवडा, डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि मगच बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या. डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला लागलेलं कुलूप) चालू असेल तर तेही आधी बंद करा, नाहीतर रिकव्हरी की शोधत बसावं लागेल. सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) बंद करायची गरज नाही. तो चालू असतानाही मिंट सुरू होतं, कारण मिंटच्या बूटलोडरच्या (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) पहिल्या टप्प्यावर मायक्रोसॉफ्टचीच सही असते. विंडोज पुसून टाकतानाही परवानगी त्यांचीच!

४ जीबी रॅमवर मिंट चालतं, पण ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की धाप लागते. ८ जीबी असावी. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी घातली नाही तर बाकी सगळी मेहनत वाया. बसवून झाल्यावर टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (बिघडलं तर मागे जाण्यासाठी सिस्टिमच्या प्रती) वेगळ्या पार्टिशनवर ठेवा. मिंट २२ ची मालिका २०२९ पर्यंत अपडेट घेत राहील.

प्रिंटर आधी तपासा, मग निर्णय घ्या. एचपीचा लेझरजेट १०२० किंवा पी१००७ नुसता जोडून चालत नाही. एचपी-सेटअप चालवून एचपीचा प्लगइन उतरवावा लागतो, कारण या प्रिंटरांचं फर्मवेअर (आतला मूळ प्रोग्राम) दर वेळी संगणकाकडून जातं. आपल्याकडे घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हे खरं दुखणं. त्याचा लिनक्ससाठीचा कॅप्ट ड्रायव्हर जुना आहे आणि लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांवर तो रडतखडत चालतो. तो प्रिंटर ठेवायचाच असेल तर विंडोजच्या यंत्रालाच जोडलेला बरा.

मराठीचा अनुभव अपेक्षेपेक्षा चांगला आहे. इनस्क्रिप्टचा (देवनागरीच्या प्रमाण कळफलकाचा) मराठी लेआउट कीबोर्डच्या सेटिंगमध्येच मिळतो आणि ‘दुसऱ्या’मधला ऱ शिफ्ट-जे वर नेहमीच्या जागी असतो. रोमन अक्षरांतून टाइप करणाऱ्यांनी आयबस आणि एम१७एन हे टायपिंगचे प्रोग्राम टाकावेत. लिब्रेऑफिसमध्ये मात्र एक सेटिंग न चुकता करायचं: ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर (देवनागरीसारख्या लिप्यांच्या सोयीवर) खूण करून तिथे मराठी निवडायची. मगच रायटरमध्ये (लिब्रेऑफिसच्या वर्डमध्ये) देवनागरीसाठी मूळ फॉन्ट ठरवण्याचं वेगळं पान दिसू लागतं. हे केलं नाही तर इंग्रजीचा फॉन्ट बदलतो, मराठीचा तसाच राहतो आणि लोक लिब्रेऑफिसच्या नावाने खडे फोडतात. हिशेबासाठी लोकेल, म्हणजे आकडे-तारखा लिहिण्याची पद्धत, इंग्लिश (इंडिया) ठेवलं की स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे पडतात.

बाहेरून येणाऱ्या फाइल्सची गोष्ट वेगळी. मंगल हा फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा, मिंटबरोबर येत नाही. त्याऐवजी नोटो किंवा लोहित बसतो, ओळींची उंची बदलते आणि चार पानांचा करारनामा पाच पानांचा होतो. कॅलिब्रीसाठी कार्लिटो आणि कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया हे त्याच मापांचे मोफत फॉन्ट आहेत, मंगलला असा जोडीदार नाही. आपल्या फाइल्स मुक्तासारख्या मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये करा आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फॉन्ट आतच साठवा.

पण फॉन्ट हे निमित्त आहे, मूळ दुखणं फाइलच्या स्वरूपाचं, म्हणजे फॉरमॅटचं. ओडीएफ हे खुलं स्वरूप (लिब्रेऑफिसची ओडीटी फाइल यातलीच) २००६ मध्येच आयएसओ या जागतिक संस्थेचं मानक झालं होतं. मायक्रोसॉफ्टने ते न स्वीकारता स्वतःचं ओओएक्सएमएल (डॉकएक्स यातलीच) पुढे आणलं. आयएसओच्या सप्टेंबर २००७ च्या मतदानात ते पडलं आणि २००८ मध्ये मंजूर झालं. भारताने विरोधात मत दिलं होतं. सहा हजारांहून जास्त पानांच्या त्या मानकात ‘वर्ड ९५ प्रमाणे जागा सोडा’ अशा अर्थाच्या सूचनाही आहेत. वर्ड ९५ नेमकी किती जागा सोडायचा हे मायक्रोसॉफ्टखेरीज कोणाला नीट माहीत असणार? मानकाचा असल्या जुन्या सूचना वगळलेला ‘स्ट्रिक्ट’ प्रकारही आहे, पण वर्ड आपणहून त्या राखणाऱ्या ‘ट्रान्झिशनल’ मध्येच सेव्ह करतं. त्यामुळे रायटरमध्ये डॉकएक्स उघडून पुन्हा डॉकएक्स म्हणून सेव्ह करण्याच्या दोन-तीन फेऱ्यांत परिच्छेदांचे क्रमांक आणि तक्त्यांच्या रुंदी हलू शकतात. त्यावर साधा नियम: आपली मूळ प्रत ओडीटीमध्ये, पक्की प्रत पीडीएफमध्ये, आणि डॉकएक्स फक्त समोरच्याला बदल करायचे असतील तेव्हाच.

एक्सेलबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर रोजच्या तक्त्यांना कॅल्क (लिब्रेऑफिसचं एक्सेल) पुरून उरतं. एक्सलुकअप आणि फिल्टर ही फंक्शनं लिब्रेऑफिसच्या २४.८ आवृत्तीपासून आहेत, पिव्होटही चालतं. पॉवर क्वेरी नाही, स्लायसर नाहीत. आणि व्हीबीए मॅक्रोंमध्ये (एक्सेलच्या फाइलमधल्या छोट्या प्रोग्रामांत) यूजरफॉर्म किंवा अ‍ॅक्टिव्हएक्सची बटणं आली की खेळ संपला. आयकर खात्याची एक्सेल युटिलिटी नेमकी अशीच मॅक्रोंवर उभी आहे, ती कॅल्कमध्ये चालवायच्या फंदात पडू नका. विवरणपत्र थेट पोर्टलवर भरता येतं तिथे ब्राउझर पुरतो. जीएसटीचंही तेच: पोर्टल कुठूनही चालतं, ऑफलाइन टूल मात्र विंडोजसाठी. डिजिटल सहीच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे टोकन घेतानाच विचारावं.

नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोंदवलेले निष्कर्ष इथे आठवतात. ग्राहक जिथे जास्त प्रोग्राम मिळतात तिकडे जातो आणि प्रोग्राम लिहिणारे जिथे जास्त ग्राहक आहेत तिथे जातात. नव्या स्पर्धकापुढे भिंत उभी राहते ती ही. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा त्यांचा आदेश २००१ मध्ये अपिलात रद्द झाला, मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा ठपका मात्र मुख्यतः कायम राहिला. आज आपल्याकडे ती भिंत बांधायला मायक्रोसॉफ्टला काही करावंच लागत नाही. सरकारी युटिलिटी आणि हिशेबाची सॉफ्टवेअरं ते काम फुकटात करतात.

टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. ते वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीवर) चालवू नका. बिघडलं की विक्रेता हात वर करतो. विंडोज ११ प्रो असलेलं एक यंत्र कोपऱ्यात ठेवून बाकीच्या यंत्रांवरून रेमिना या रिमोट डेस्कटॉपच्या प्रोग्रामने त्यात शिरणं हा टिकाऊ मार्ग आहे. होम आवृत्तीत बाहेरून शिरता येत नाही. प्रोमध्ये एका वेळी एकालाच बसता येतं, दुसरा आला की पहिला बाहेर. दोघातिघांना एकदम काम करायचं असेल तर विंडोज सर्व्हर घ्या, माणशी क्लायंट अ‍ॅक्सेस परवाना घ्या, वर रिमोट डेस्कटॉपचा परवाना वेगळा. पुढच्या दाराने घालवलेलं बिल मागच्या दाराने परत येतं, म्हणून टॅली एकाच माणसाकडे ठेवणं परवडतं.

त्या यंत्रावर एक्सेल लागेलच. ऑफिस २०१६ आणि २०१९ चेही अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपले आहेत. वार्षिक वर्गणीपेक्षा ऑफिस २०२४ ची होम अँड बिझनेस आवृत्ती एकदाच विकत घ्यावी. अपडेट ऑक्टोबर २०२९ पर्यंत मिळतील. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी आधीपासून चालू असेल तर नूतनीकरणाआधी ती रद्द करण्याची प्रक्रिया सुरू करून बघा. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीवर दावा लावला तो याच मुद्द्यावर: कोपायलट हा एआय मदतनीस जोडून दर वाढवले, आणि कोपायलटविना जुन्या दरातली ‘क्लासिक’ योजना फक्त रद्द करायला निघालेल्यांनाच दिसत होती. आपल्याही खात्यात ती दिसते का, हे शेवटच्या बटणापर्यंत न जाता कळतं.