जवाद सलीम भिंतीवर लावायचे तर: कागदी प्रिंट, कॅनव्हास आणि छोटी प्रतिकृती

ऑनलाइन ‘वॉल आर्ट’ विकणाऱ्या दुकानांत इराकी चित्रकार-शिल्पकार जवाद सलीम (१९१९–१९६१) साधारण तीन रूपांत मिळतात: जाड कागदावरचा प्रिंट, लाकडी चौकटीवर ताणलेला कॅनव्हास आणि बगदादच्या स्वातंत्र्य-शिल्पाची टेबलावर ठेवायची प्रतिकृती. निकाल आधीच सांगून टाकतो. कागदी प्रिंट नीट चौकशी करून जरूर घ्या. कॅनव्हासच्या वाटेला जाऊ नका. प्रतिकृतीत बहुतेक वेळा पैसे पाण्यात जातात.

असे का, हे सलीम यांच्या कामाची घडण पाहिली की कळते. जन्म अंकाऱ्याचा, आईवडील इराकी. वडील उस्मानी (ऑटोमन) सैन्यात अधिकारी आणि हौशी चित्रकार. जवाद पॅरिसला आणि मग रोमला शिकायला गेले, पण दुसऱ्या महायुद्धाने शिक्षण अर्ध्यावर तोडले. बगदादला परतून त्यांनी पुराणवस्तू खात्यात नोकरी धरली आणि सुमेरी-असिरी शिल्पे त्यांच्या रोजच्या कामाचा भाग झाली. त्यांच्या माणसांचे ते मोठे टपोरे डोळे तिथून आले. त्याच काळात युद्धामुळे बगदादला आलेल्या पोलिश चित्रकारांच्या सहवासात रंगाची जाण पक्की झाली. पुढे लंडनचे स्लेड कला विद्यालय. १९५१ मध्ये चित्रकार शाकिर हसन अल-सईद यांच्याबरोबर त्यांनी बगदाद आधुनिक कला गट उभा केला. पन्नासच्या दशकातली त्यांची ‘बगदादियात’ ही चित्रमालिका, हाच आज प्रिंटवाल्यांचा मुख्य माल. चंद्रकोरी, त्रिकोण, सपाट रंगाचे पट्टे, भोवती ठाम काळी रेघ. तेराव्या शतकातल्या याह्या अल-वासितीच्या हस्तलिखितांमधल्या चित्रांशी थेट नाते सांगणारी ही रीत आहे. छायाप्रकाशाचे लपवून घेणारे काम यात फारसे नसल्यामुळे रेघ किंवा रंग जरा बिघडला की लगेच डोळ्यांत खुपतो.

पहिली गोची मूळ फाइलची. सलीम यांच्या चित्रांच्या सहज मिळणाऱ्या प्रतिमा बऱ्याचदा १०००–१५०० पिक्सेल रुंदीच्या असतात. ‘बगदादियात’मधले १९५७ चे आडवे चित्र घ्या, दोहाच्या मथाफ संग्रहालयात असलेले, सुमारे १ मीटर उंच आणि १.७ मीटर लांब. त्याचा ३० सेंमी उंचीचा प्रिंट ५१ सेंमी लांब होतो. ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) त्यासाठी सुमारे ६००० पिक्सेल लांबीची फाइल लागते. १५० डीपीआयवर भागवायचे म्हटले तरी ३०००. १५०० पिक्सेलच्या फाइलमधून हाती येतात फक्त ७५ डीपीआय. दुकानदार यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअरने फाइल फुगवतो. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढरट कड दिसू लागते, ब्रशचा खडबडीत पोत मेणासारखा गुळगुळीत होतो आणि चंद्रकोरीचे अणकुचीदार टोक बोथट पडते. डोळ्याजवळचा भाग २०० टक्के मोठा करून मागवा, लगेच कळते. फाइल किती पिक्सेलची, या प्रश्नाला आकड्यात उत्तर न देणाऱ्या दुकानातून घेऊ नका.

दुसरी गोची कापाकापीची. ए-२, ए-३ या कागदांचे प्रमाण १ : १.४१, वरच्या चित्राचे १ : १.७. उंची पूर्ण ठेवून ते ए-मापात बसवले तर लांबीतला जवळजवळ सहावा हिस्सा उडतो. सलीम यांच्या रचनेत कडेचा आकारही मधल्या आकाराइतकाच महत्त्वाचा असतो, त्यामुळे असे चित्र लंगडे दिसते. ऑर्डर देताना ‘मूळ प्रमाण राखा, उरेल तिथे पांढरी कड सोडा’ असे लिहूनच द्या. ती कड पुढे फ्रेमच्या माउंटखाली (चित्राभोवतीच्या जाड कागदी चौकटीखाली) झाकता येते.

रंगाचे म्हणाल तर विटकरी, गेरू, मातकट पिवळा आणि टाइल्सचा निळा-हिरवा, ही त्यांची पेटी. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत हा निळा-हिरवा शेवाळी होतो आणि काळी रेघ तपकिरी दिसते. पूर्ण चित्राचा लहान नमुना मागवून काही कळत नाही. चित्राचा एक तुकडा, १० × १५ सेंमीचा, अंतिम मापातच छापून मागवा आणि दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी पाहा. काळी रेघ काळीच हवी. शाई पिगमेंट प्रकारची (बारीक रंगकणांची) आहे ना, तेही विचारा. डायची (विरघळलेल्या रंगाची) शाई उन्हाच्या भिंतीवर लवकर उतरते. कागद कापसाचा, मॅट, ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा उत्तम. चकचकीत फोटो-पेपरवर सपाट रंग प्लास्टिकसारखे दिसतात.

आता कॅनव्हास. ज्या चित्रांना तो लावतात त्यांतली बरीच मुळात बोर्डावर किंवा कागदावर काढलेली. छापील कॅनव्हासची वीण सपाट रंगावर उगीचच जाळी उमटवते. त्याहून वाईट म्हणजे ‘गॅलरी रॅप’. चित्राची कड चौकटीवरून मागे दुमडतात आणि प्रत्येक बाजूने ४ सेंमी गिळतात. ३० सेंमी उंचीच्या प्रिंटमधले ८ सेंमी गेले, म्हणजे पावापेक्षा जास्त चित्र भिंतीकडे तोंड करून बसले! कडेचे प्रतिबिंब दुमडायची युक्ती काही जण देतात. भौमितिक आकारांचे प्रतिबिंब मात्र बाजूने भलतेच विचित्र दिसते. शिवाय कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो, कोपऱ्यांतल्या पाचरा ठोकत बसावे लागते.

प्रतिकृतीबद्दल जरा सविस्तर, कारण इथे फसगत जास्त. बगदादच्या तहरीर चौकातले ‘नस्ब अल-हुर्रिया’, म्हणजे हेच स्वातंत्र्य-शिल्प, राजेशाही उलथवणाऱ्या १४ जुलै १९५८ च्या क्रांतीनंतर अब्दुल करीम कासिम यांच्या राजवटीने सांगितलेले काम. वास्तुकार रिफअत चादिरजी यांनी सुमारे ५० मीटर लांबीची फिकट दगडी भिंत जमिनीपासून उचलून धरली, मोर्च्यात बॅनर धरावा तशी. तिच्यावर सलीम यांचे १४ काशाचे (ब्राँझचे) शिल्पसमूह, फ्लॉरेन्समध्ये ओतलेले. ते चढवण्याचे काम चालू असतानाच, २३ जानेवारी १९६१ ला, सलीम हृदयविकाराने गेले, वय ४१. पत्नी लोर्ना आणि सहकारी शिल्पकार मोहम्मद घनी हिकमत यांनी ते तडीला नेले आणि त्याच वर्षी स्मारक खुले झाले. कासिम यांची छबी त्यात कुठेही नाही, हे विशेष.

हे शिल्प अरबी लिपीसारखे उजवीकडून डावीकडे वाचायचे. उजव्या टोकाला उधळलेला घोडा, मग फलक घेतलेली माणसे, लहान मूल, शोक करणाऱ्या बाया, मध्यावर राजकीय कैदी आणि गज तोडणारा सैनिक, पुढे मशाल घेतलेली स्वातंत्र्याची स्त्री, दजला-फुरात (टायग्रिस-युफ्रेटिस) या दोन नद्या, शेतकरी, बैल आणि डाव्या टोकाला कामगार. उलटा छापलेला फोटो पाहून साचा बनवला की घोडा डावीकडे जातो आणि क्रांती शेवटाकडून सुरू होते. आपल्याला डावीकडून वाचायची सवय असल्याने चूक ध्यानातही येत नाही. विकत घेण्यापूर्वी एवढेच पाहा: घोडा उजवीकडे हवा.

दुसरे, भिंतीखालची मोकळी जागा. प्रत्यक्षात ती सुमारे ६ मीटर आहे, खालून माणसे जातात. २०१९ च्या सरकारविरोधी आंदोलनात याच शिल्पासमोर हजारो लोक उभे होते. प्रतिकृतीवाले टिकाऊपणासाठी भिंत थेट पाटावर चिकटवतात आणि बॅनरची कल्पनाच मारतात. तिसरे, सगळे एकाच साच्यात ओतून तपकिरी रंग फासतात, म्हणजे फिकट भिंत आणि गडद कासे हा विरोधही गेला. चौथे, माप. ५० सेंमी लांबीची प्रतिकृती म्हणजे १ : १००, सुमारे ८ मीटरच्या आकृत्या ८ सेंमीच्या होतात आणि चेहरे कसेबसे राहतात. २० सेंमीच्या तुकड्यात त्या ३ सेंमीच्या, तिथे मशाल आणि फलक सारखेच दिसतात. थ्रीडी प्रिंट असेल तर ०.२ मिमीचे थर अशा मापाला चेहऱ्यावर सुरकुत्यांसारखे उमटतात. ५० सेंमीची, आकृत्या वेगळ्या चिकटवलेली, खाली पोकळी ठेवलेली प्रतिकृती मिळाली तरच विचार करा.

‘मूळ सलीम’ म्हणून कुणी काही देऊ केले तर हात आखडता घ्या. आयुष्य लहान, कामे मोजकी, आणि २००३ च्या युद्धात झालेल्या लुटीत बगदादच्या आधुनिक कला संग्रहातून हजारो कलाकृती गेल्या. त्यांची ‘मातृत्व’ ही लाकडी मूर्तीही गेली होती. हिकमत यांच्या खटपटीने ती परत मिळाली. तेव्हा मालकीचा १९६० पासूनचा कागदोपत्री माग नसेल तर ते चित्र बनावट किंवा चोरीचे असण्याची शक्यता धरूनच चाला. प्रिंटच्या हक्कांचे सांगायचे तर भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणजे सलीम यांच्या बाबतीत २०२१ अखेरपर्यंत मुदत होती. ब्रिटन आणि युरोपीय संघात ती सर्वसाधारणपणे ७० वर्षे. लंडन-म्युनिकच्या वाचकांनी तिथल्या दुकानाला परवानगीबद्दल विचारावे. चित्राचा फोटो ज्याने काढला त्याचा हक्क वेगळा असू शकतो.

प्रिंट आल्यावर गुंडाळी लगेच फ्रेमवाल्याकडे नेऊ नका. स्वच्छ कागदात उलगडून, वर पुस्तकांचे वजन ठेवून दोन दिवस सपाट होऊ द्या. माउंट आम्लरहित घ्या, काच आणि कागदात किमान २–३ मिमी अंतर सोडा, नाहीतर दमट हवेत शाई काचेला चिकटते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणे लावली की भिंतीची ओल आणि त्यामागची बुरशी टळते.