सैनिक शाळेतील ‘कोट्या’च्या नावाखाली इंदूरमध्ये झालेली आमची फसवणूक

अखिल भारतीय सैनिक शाळा प्रवेश परीक्षा २०२५ मध्ये ५ एप्रिलला झाली आणि मे महिन्यात तिचा निकाल लागला. आमचा मुलगा सहावीच्या प्रवेशासाठी बसला होता. ही प्रश्नपत्रिका ३०० गुणांची असते, पात्र ठरण्यासाठी प्रत्येक विभागात किमान २५ टक्के आणि एकूण ४० टक्के गुण लागतात, आणि हा उंबरठा त्याने सहज ओलांडला होता. मात्र पात्र ठरणे आणि जागा मिळणे यांत मोठे अंतर आहे. त्याचे गुण वाईट नव्हते, पण अमुक शाळा नक्की मिळेल असे म्हणण्याइतके चांगलेही नव्हते. फसवणाऱ्यांना नेमके अशाच मुलांचे पालक हवे असतात, कारण भरपूर गुण मिळवणाऱ्याला मध्यस्थाची गरज नसते आणि अपात्र ठरलेल्याच्या घरी पैसे काढण्याइतकी आशा उरलेली नसते.

निकालानंतर दोनच दिवसांत फोन आला. बोलणाऱ्याला मुलाचे नाव, त्याचा प्रवर्ग आणि गुण माहीत होते. ही माहिती त्याच्याकडे कशी गेली हे सिद्ध करता येणार नाही, परंतु ‘गुण टाका, शाळा ओळखा’ अशा प्रकारच्या एका संकेतस्थळावर आम्ही ती भरली होती आणि माझा संशय तिथेच आहे. सुरुवातीला तो हिंदीत बोलत होता. आमचे आडनाव पुन्हा एकदा विचारून घेतल्यावर तो मराठीत आला, मला ‘ताई’ म्हणू लागला आणि आपले आजोळ रामबागेत असल्याचे त्याने सांगितले. इंदूरच्या मराठी माणसाला परक्याच्या तोंडून अशी घरगुती मराठी ऐकली की निम्मी चौकशी करावीशी वाटत नाही, हे त्याला पुरेपूर ठाऊक असावे.

भंवरकुआ परिसरात, स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांच्या गर्दीत, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्याचे कार्यालय होते. भिंतीवर गणवेशातल्या मुलांची छायाचित्रे होती, टेबलावर छापील पावती पुस्तक होते आणि आमच्यासारखीच आणखी दोन कुटुंबे तिथे बसलेली होती. (ती खरोखर पालकांची कुटुंबे होती की देखाव्याचा भाग, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.) ५,१०० रुपये नोंदणी शुल्क घेऊन त्याने शिक्का मारलेली पावती दिली आणि मग मुख्य विषय काढला: सातारा.

देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. आमच्या घरात सासऱ्यांपासून सगळ्यांना तिचे आकर्षण होते, आणि मुलाने मराठी मुलखात शिकावे ही इच्छाही त्यात मिसळलेली होती. वस्तुस्थिती मात्र आमच्या बाजूची नव्हती. या शाळांमध्ये ६७ टक्के जागा ज्या राज्यात शाळा आहे तिथल्या अधिवासी मुलांसाठी आणि उरलेल्या ३३ टक्के इतर राज्यांतील मुलांसाठी असतात. आम्ही मध्य प्रदेशचे अधिवासी असल्यामुळे साताऱ्यासाठी मुलाला त्या ३३ टक्क्यांतच, देशभरातील मुलांशी स्पर्धा करावी लागणार होती. मध्य प्रदेशातल्याच रीवा येथील शाळेत हेच गणित उलट, म्हणजे आमच्या सोयीचे होते.

यावर त्याने एक खरा नियम पुढे केला. ‘सैनिक शाळांत ६० टक्के जागा शाळेच्या हातात असतात, हाच मॅनेजमेंट कोटा, तुमचे गुण त्यासाठी पुरेसे आहेत, फक्त माणूस हवा,’ असे तो म्हणाला आणि मोबाइलवर सरकारी परिपत्रकासारखा एक कागद दाखवला, ज्यात ४० आणि ६० हे आकडे खरोखरच होते. हा नियम कुठला आहे ते नीट समजून घ्यावे, कारण साऱ्या फसवणुकीचा पाया तोच होता. २०२२-२३ पासून खासगी संस्था, स्वयंसेवी संस्था आणि राज्य सरकारे यांच्या भागीदारीत ज्या नव्या सैनिक शाळा सुरू झाल्या, त्यांच्यापुरता तो लागू आहे. मध्य प्रदेशात मंदसौर येथे अशी शाळा आहे. अशा शाळांत सहावीच्या किमान ४० टक्के जागा अखिल भारतीय परीक्षेच्या गुणवत्तेनुसार ई-समुपदेशनातून, म्हणजे शाळांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरून होणाऱ्या जागावाटपातून भरतात, आणि उरलेल्या जागा त्याच शाळेत आधीपासून शिकणाऱ्या मुलांसाठी असतात. त्या मुलांनाही पात्रता परीक्षा द्यावीच लागते. म्हणजे हा कोटा पैसे घेऊन वाटायचा नसतो, बाहेरच्या मुलाचा त्याच्याशी संबंध नसतो, आणि सातारा किंवा रीवा यांसारख्या सैनिक स्कूल सोसायटीच्या जुन्या शाळांना तो लागूच होत नाही. साफ खोटे सांगितले असते तर आम्ही ते पडताळून पाहिले असते. त्याने खरा नियम भलत्याच शाळेला चिकटवला होता, म्हणून इंटरनेटवर शोधले तेव्हा ४० आणि ६० हे आकडे आम्हालाही सापडले आणि विश्वास उलट वाढला.

ठरलेली रक्कम दीड लाख होती. त्यांपैकी ४०,००० रुपये आम्ही यूपीआयने भरले, तेही संस्थेच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यावर, कारण ‘संस्थेच्या खात्याचे ऑडिट चालू आहे’ असे उत्तर मिळाले. पुढे ‘मेडिकल फिटनेस’साठी आणखी १५,००० रुपये रोख घेतले गेले, महूच्या लष्करी रुग्णालयात आपली ओळख असल्याचे त्याचे म्हणणे होते. वैद्यकीय तपासणी जागावाटपानंतर, नेमून दिलेल्या रुग्णालयात होते. जागाच मिळालेली नसताना तिचे पैसे कशाचे, हा प्रश्न माझ्या पतींनी विचारला, तेव्हा ‘साहेबांची वेळ आधी घ्यावी लागते’ असे सांगून त्याने विषय बदलला.

पैशांपेक्षा मोठे नुकसान दुसरीकडे होत होते. पसंतीक्रम भरताना पालक चुकतात आणि मग जागा हातची जाते, असे भय घालून त्याने समुपदेशनाच्या पोर्टलवरची नोंदणी स्वतः केली, पतींच्या मोबाइलवर आलेला ओटीपी फोनवर विचारून घेतला आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवला.

महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र ‘करून देतो’ असे तो जेव्हा म्हणाला, तेव्हा सासऱ्यांनी त्याला स्पष्ट नकार दिला. अर्जात एक राज्य नोंदवायचे आणि कागद दुसऱ्या राज्याचा जोडायचा, हा खोटेपणा मुलाच्या नावावर कायमचा राहिला असता. त्यानंतर त्याच्या बोलण्यातला गोडवा कमी झाला. तरी समुपदेशनाच्या पहिल्या फेरीच्या सुमारास व्हॉट्सअॅपवर साताऱ्याचे जागावाटप पत्र आले, त्यावर राजमुद्रा होती आणि उरलेले पैसे त्याच दिवशी भरण्याचा तगादा होता. पतींनी पैसे भरण्याआधी पोर्टल उघडण्याचे ठरवले. मोबाइल क्रमांक आमचाच नोंदवलेला असल्यामुळे पासवर्ड बदलता आला, आणि आत पाहिले तर मुलाला कोणतीही शाळा मिळालेली नव्हती. पसंतीक्रमात साताऱ्यासह महाराष्ट्रातलीच नावे होती. रीवा नव्हते, मंदसौरही नव्हते. पसंतीक्रम भरण्याची मुदत तोवर उलटून गेली होती.

आम्ही त्याच संध्याकाळी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यातही. यूपीआयने गेलेल्या रकमेतला काही भाग पुढच्या खात्यात अडवला गेला. तो परत मिळण्याची प्रक्रिया सुरू आहे. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा म्हणजे ती शिक्क्याची पावती, आणि तिच्यावर रकमेसमोर ‘मार्गदर्शन शुल्क’ एवढेच लिहिलेले आहे. ज्यांना अशी पावती मिळाली असेल त्यांनी आधी तिच्यावरचे शब्द वाचावेत. ‘मार्गदर्शन’ म्हणून घेतलेले पैसे जागेसाठी होते हे सिद्ध करणे अवघड जाते आणि आम्हाला त्यात फोनवरच्या संदेशांचाच आधार झाला. म्हणून संदेश पुसू नका, खोटे पत्र आले तर ते मूळ स्वरूपात ठेवा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेचा संदर्भ क्रमांक, लिहून ठेवा. तक्रार नोंदवताना सर्वांत आधी तोच विचारला जातो.

ज्यांची मुले पुढच्या परीक्षेला बसत आहेत त्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. निकालानंतर उत्तरपत्रिका पुन्हा तपासून गुण वाढवून देऊ, असाही फोन येतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला तो आला होता. उत्तरसूचीवर हरकत घेण्याची संधी निकालापूर्वी, ठरावीक मुदतीत आणि अधिकृत पोर्टलवरूनच मिळते. निकाल लागल्यानंतर पुनर्तपासणीची सोय या परीक्षेत नाही.

सहावीसाठी ३१ मार्च रोजी मुलाचे वय १० ते १२ वर्षे असावे लागते आणि आमचा मुलगा पुढच्या वेळी त्या मर्यादेत बसत नाही. नववीचा मार्ग १३ ते १५ वयाच्या मुलांसाठी आहे, तो विचार आम्ही मनात ठेवला आहे. भंवरकुआच्या त्या मजल्यावर आता दुसऱ्याच शिकवणीचा फलक आहे, घरमालकाकडे जुन्या भाडेकरूचा लेखी करार नाही, आणि पोलिसांच्या सांगण्यावरून आम्ही त्याच्या छायाचित्राची व आवाजाच्या ध्वनिमुद्रणाची प्रत तक्रारीला जोडली आहे. अशाच व्यवहारात त्याच सुमारास ज्यांचे पैसे गेले असतील त्यांनीही आपली स्वतंत्र तक्रार नोंदवावी, कारण एकाच खात्याविरुद्ध अनेक तक्रारी असल्या तर त्यांचा एकत्रित तपास होऊ शकतो, असे आम्हाला ठाण्यात सांगण्यात आले आहे.