श्रावणात सुरात, चैत्रात बेसूर: नागपुरात जुना पियानो घेताना झालेली फसवणूक

धरमपेठेतल्या एका घरात ऐन श्रावणात पियानो आला. काळा चकचकीत अपराइट, म्हणजे उभ्या बांध्याचा, पुढे मेणबत्त्या लावायच्या पितळी दांड्या, पट्ट्यांवरच्या झाकणावर सोनेरी अक्षरांत बर्लिनचं नाव. किंमत 1,85,000 रुपये, वाहतूक वेगळी. विकणाऱ्याने स्वतः बसून दोन गाणी वाजवली, "जर्मन माल आहे काका, असा आता कुठं भेटते?" म्हणाला आणि सौदा झाला. दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं. संक्रांतीनंतर मधल्या सप्तकातले चार-पाच सूर उतरले, होळीपर्यंत डझनभर. चैत्रात ट्यूनर आला, तर लावलेली तार तो चावी काढेपर्यंत पुन्हा उतरत होती.

दोष श्रावणातही तिथेच होता, पावसाने झाकून ठेवला होता एवढंच.

पियानोत 88 पट्ट्या असल्या तरी तारा सव्वादोनशेच्या आसपास असतात. खर्जात एका सुराला एक किंवा दोन, वर तीन-तीन. प्रत्येक तारेवर सरासरी 70-80 किलोचा ताण, म्हणजे सगळा मिळून 16 ते 20 टन. हा भार लोखंडी फ्रेम पेलते. पण प्रत्येक तार सुरात राहते ती जेमतेम 7 मिलिमीटर जाडीच्या एका पिनेमुळे, आणि ती पिन लाकडी पिनब्लॉकमध्ये निव्वळ घर्षणावर उभी असते. तिच्यावर बारीक आटे असले तरी ती स्क्रूसारखी आवळलेली नसते, आणि मागे नटही नसतो. पिनब्लॉक कठीण लाकडाचे थर एकमेकांना चिकटवून करतात. जुन्या पियानोत हे थर सुटतात, भोकं सैल होतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि सैल पिनासुद्धा घट्ट लागतात. नागपूरचा उन्हाळा लाकडाला किती सुकवतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला होता. लाकूड आकसलं की पिना सुटतात. म्हणून जुना पियानो इथे पाहायचा तर मार्च ते मे. पावसाळ्यातच घ्यावा लागला, तर पिना तपासल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये.

या पियानोच्या पिनांवर काय काय केलं होतं, ते वरची फळी काढल्यावर पाच मिनिटांत दिसलं. ही फळी काढणं सोपं असतं: वरचं झाकण उघडायचं, आत दोन्ही बाजूंना खिट्ट्या असतात त्या फिरवायच्या, फळी पुढे कलंडते. आत टॉर्च मारायचा. पिनेवर तारेचे साधारण तीन वेढे असतात आणि शेवटचा वेढा नि लोखंडी फ्रेम यांच्यात चार-पाच मिलिमीटर जागा असते. इथे मधल्या भागातल्या तीसेक पिनांचे वेढे फ्रेमला टेकलेले होते, पिनांची डोकी हातोडीने चेपलेली. म्हणजे सैल पिना आत ठोकल्या होत्या. काहींच्या बुडाशी काळपट, चिकट डाग होते. भोकात ग्लिसरीनसारखं द्रव सोडलं की लाकूड फुगतं आणि पिन काही महिने धरते, पुढे मात्र ते लाकूड कामातून जातं. पातळ सुपरग्लू सोडणं ही वेगळी गोष्ट. चांगले कारागीरही तो उपाय करतात, पण गिऱ्हाइकाला सांगून आणि त्या हिशेबाने किंमत कमी करून.

दुसरी लबाडी त्याहून हुशारीची. पियानो स्वतःशी सुरात होता, पण अख्खाच एक पट्टी खाली लावलेला. एकटा वाजवला तर कोणाच्या लक्षात येणार? ताण कमी, म्हणून पिना धरतात आणि गंजलेल्या तारा तुटत नाहीत. हे पकडायला कान लागत नाहीत. मोबाइलवर फुकटचं ट्यूनर ॲप घ्या आणि मधल्या सप्तकातला ए, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी सहा, दाबा. 440 हर्ट्झ यायला हवं. 415 आलं तर पांढरी सहा दाबून काळी चार वाजतेय. "घरी नेल्यावर वर चढवून देतो" यावर विश्वास ठेवू नका. चढवताना जुन्या तारा तुटतात, आणि खर्जातली तांबं गुंडाळलेली तार तर मापावर करून घ्यावी लागते.

जर्मनपणाचं म्हणाल, तर झाकणावरचं नाव स्टिकरसारखं लावता येतं. आतल्या लोखंडी फ्रेमवर ओतलेली अक्षरं वाचा. या पियानोत हॅमरच्या, म्हणजे तारेवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या, पुढे उभ्या तारांची जाळी होती, पिंजऱ्यासारखी. डॅम्पर, म्हणजे तार दाबून सूर थांबवणाऱ्या गाद्या, वरून चालवणारी ही जुनी रचना, आणि ती मुख्यतः जुन्या इंग्लिश पियानोत सापडते. तार नीट दबत नाही, सूर रेंगाळतो, आणि ट्यूनरला हात घालायला जागा नसते. अशा पियानोला शोभेची वस्तू म्हणून काय द्यायचं ते द्यावं, शिकणाऱ्या मुलासाठी तो घेऊ नये. जपानी सेकंडहँड घेत असाल तर फ्रेमवरचा सिरियल नंबर पाहून सालाचा अंदाज येतो. यामाहाचा जपानी बनावटीचा 30 लाखांच्या आसपासचा नंबर म्हणजे साधारण 1980. नंबर नव्याने रंगवलेला दिसला तर सौदा थांबवा. "अस्सल हस्तिदंती पट्ट्या" असं सांगून भाव वाढवणाऱ्यापासून लांबच राहा. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे गुन्हा आहे.

बाकी तपासणी थोडक्यात. 88 च्या 88 पट्ट्या एकेक करून, आधी हळू मग जोरात दाबा. एकाच सुरातून वाँव-वाँव ऐकू आलं तर त्याच्या दोन-तीन तारा आपसात जुळत नाहीत. खर्जात गूंज न येता नुसता धप्प आवाज आला तर तार मेलेली. हॅमरच्या फेल्टवर तारांच्या खोल खाचा आहेत का ते पाहा. पट्ट्यांखालची फळी स्प्रिंग वर दाबून निघते. तिथे कसर, उंदराच्या लेंड्या, वाळवीची माती, सगळं सापडतं. तपासायला ट्यूनर आपला न्यावा, विकणाऱ्याचा नको. मुंबईहून बोलवावा लागला तरी त्याचं भाडं आणि फी दीड-दोन लाखांच्या चुकीपेक्षा स्वस्त पडते. तो चावी लावून पिना फिरवून पाहील. लोण्यात फिरल्यासारखी फिरली तर उठून यायचं.

या घरच्यांनी विकणाऱ्याला फोन केला, तर त्याचं एकच उत्तर: "तुमच्या कूलरनं झालं." अर्धी गोष्ट खरी होती, म्हणून वाद अवघड झाला. पियानो कूलरच्या झोतात होता. कूलर चालू असताना खोली ओली, बंद केला की तासाभरात कोरडी. अशाने तारा गंजतात, पट्ट्या अडकतात. पियानो कूलरपासून लांब, आतल्या भिंतीला ठेवावा, शेजारी आर्द्रतामापक टांगावा आणि काटा 45 ते 55 टक्क्यांत राहील असं बघावं. पण हातोडीने चेपलेल्या पिना काही कूलरने केल्या नव्हत्या.

कागद मात्र कच्चा होता: "जुना पियानो, आहे त्या स्थितीत". पैसे यूपीआयने दोन वेगवेगळ्या नावांवर गेलेले. पक्कं बिल असतं, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत, तक्रार भक्कम झाली असती. बिलावर कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि "440 ला लावलेला" हे शब्द लिहून घ्यावेत. दहा टक्के रक्कम पियानो घरी येऊन तीन आठवडे मुरल्यावर, पहिलं ट्यूनिंग टिकल्याचं पाहून द्यायची. ज्याला स्वतःच्या पिनांची खात्री आहे, तो या अटीला फार आढेवेढे घेत नाही.