वांगावर पील आणि सनस्क्रीन : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग, म्हणजे काळसर डाग, आले. आम्ही रत्नागिरीजवळच्या पावस गावी राहतो. चैत्र-वैशाखात अंगणात आंब्याची साठं घालणे, आमसुले वाळवणे ही कामे उन्हातच होतात, त्यामुळे दर वर्षी डाग गडद होत गेले. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेले एक मलम मी पाच महिने लावले. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, पण मलम थांबवताच आग, लाली आणि पुटकुळ्या सुरू झाल्या. त्यात स्टिरॉइड होते. अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ मध्येच मनाई झाली आहे, तरी ती सर्रास मिळतात, याचा मला आजही राग येतो.

ऑक्टोबरात रत्नागिरीच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सांगितले की, स्टिरॉइडने हुळहुळी झालेली त्वचा शांत झाल्याशिवाय पील, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढण्याचा उपचार, करायचे नाही. ते दोन महिने मला फार जड गेले, कारण आरशात डाग तसेच दिसत होते. डिसेंबरपासून तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने ग्लायकोलिक आम्लाची चार पील झाली. आम्ल काही मिनिटे चेहऱ्यावर ठेवून मग निष्प्रभ करतात. तेवढा वेळ मुंग्या चावल्यासारखे होते. पुढचे तीन-चार दिवस त्वचा कोरडी पडून बारीक पापुद्रे निघतात, ते ओढून काढायचे नाहीत. लेझरबद्दल मीच विचारले होते, परंतु सावळ्या त्वचेत त्याच्या उष्णतेने वांग उलट वाढू शकते, म्हणून डॉक्टरांनी नकार दिला, आणि तो नकार मला योग्य वाटतो.

खरा फरक मात्र सनस्क्रीनने पडला, असे माझे ठाम मत झाले आहे. साध्या सनस्क्रीनने अतिनील किरण अडतात, पण आमच्यासारख्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो, आणि तो अडवायला लोह ऑक्साइड असलेले, किंचित रंगाचे सनस्क्रीन लागते. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके लावायचे आणि उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा. खाऱ्या दमट हवेत घामाने ते ओघळते, डोळ्यांत जाते. म्हणून मी घाम टिपून मगच पुन्हा लावते आणि साठं उलटायला सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जाते. मे महिन्यात तीन दिवस हे पाळले गेले नाही, तर उजवा गाल लगेच काळवंडला. चुलीची धगही वांगाला मानवत नाही, हे मला आधी कोणी सांगितले नव्हते.

दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीशी फोटो काढत आले. त्यावरून सांगते : ओठावरचा डाग जवळजवळ गेला, डावा गाल बराच उजळला, उजव्या गालावर राखाडी छटा अजून आहे. तो रंग त्वचेत खोल असल्याने पीलला दाद देत नाही, असे डॉक्टर म्हणाले. एका पीलचे दीड हजार रुपये आणि दर वेळी एसटीचा फेरा, हा खर्च मला पटला. पुढचे पील पावसाळ्यानंतर ठरवले आहे. तोवर रात्री अ‍ॅझेलिक आम्लाचे मलम आणि ढगाळ दिवशीसुद्धा सकाळी सनस्क्रीन, एवढेच चालू आहे.