सदाशिव पेठेतला दवाखाना: पाचपैकी चार स्टार

पेठेत माझी मेस आहे. जेवायला येणारी बहुतेक पोरं एमपीएससीची, मराठवाड्यातली. अंगात कणकण आली की आधी मलाच विचारतात, "काकू, डॉक्टर कुठले चांगले?" म्हणून एकदाच लिहून टाकते.

सलाईन लावून घ्यायचं असेल तर इथे जाऊ नका. "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा" म्हटलं की हे डॉक्टर हिशेबच सांगतात: पाच टक्के ग्लुकोजच्या 500 मिलीच्या बाटलीत साखर 25 ग्रॅम. माझ्या शिऱ्याच्या वाटीत त्याहून जास्त निघेल, आणि शिरा तोंडाने खाता येतो.

खोकल्याचंही तेच. आमच्या लातूरच्या पोराला आठवडाभर खोकला होता. डॉक्टरांनी छाती तपासली, घड्याळ लावून श्वास मोजले, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं आणि अँटिबायोटिक दिलंच नाही. विषाणूवर ते चालत नाही, आणि साधा खोकलासुद्धा दोन-तीन आठवडे रेंगाळतो म्हणाले. पोरगं माझ्याकडे येऊन फणफणलं, "फी घेतली आणि औषध नाही!" पण चिठ्ठी मी वाचली. धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं, ताप उतरून परत चढला तर त्याच दिवशी यायचं. आणि खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर बरा होईल म्हणून वाट बघायची नाही, थुंकी तपासायची, कारण आपल्याकडे टीबी आहे. खोलीत चार-चार जणं राहणाऱ्या पोरांना हे कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

माझं बीपी दुसरीकडे एकदा जिना चढून गेल्या गेल्या, बाहीवरूनच मोजलं होतं आणि लगेच गोळी लिहिली होती. इथे आधी पाच मिनिटं गप्प बसवलं (मला ते जड गेलं). पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला. दोनदा मोजलं. मग आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगितलं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात 140/90 ची रेघ धरतात, घरी 135/85 ची, हे मला तेव्हाच कळलं. मेसच्या खात्याच्या वहीत मागच्या पानावर सगळं लिहून नेलं. सरासरी वरच आली आणि गोळी सुरू झाली. तेव्हा हे डॉक्टर औषधाच्या विरुद्ध आहेत, असं कोणी समजू नये.

पोळ्या लाटणाऱ्या ताईंचा घोटा मुरगळला तेव्हा हाडाच्या ठरावीक जागा दाबून पाहिल्या, चार पावलं चालवलं आणि एक्स-रे नको म्हणाले. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली मांडलेला नियम आहे म्हणे. ताई आता नीट चालतात.

एक स्टार कापला तो नंबरांच्या भोंगळ कारभारासाठी. फोनवर नंबर घेत नाहीत, बसायला जिन्यातलं बाकडं, आणि एकेकाशी इतका वेळ बोलतात की मागच्यांचा जीव जातो. कंपाउंडर वसकन ओरडतो. सोमवारी तर जाऊच नका. जाताना चालू गोळ्यांच्या स्ट्रिप घेऊन जा, "ती पांढरी छोटी गोळी" म्हटलेलं त्यांना चालत नाही. गाडी लांब लावा, दारात लावलीत तर शेजारचे हवा सोडतात.